चोर्ल्याखालचा हुर्राक, शनिवारीच

मार्च ते मे काजूचा हंगाम. शनिवारी बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात केरीला मुक्काम आणि रविवारी परत, एवढं दोघांना सायकलवर आरामात जमतं. एका बाजूचं अंतर पासष्टएक किलोमीटर. धास्ती सगळे चढाची घेतात, पण घोळ होतो उतारावर. नाहीतर मग ग्लासात, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूत, हुर्राकात.

पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी असा रस्ता. उंचीचे आकडे बघून फसू नका. बेळगाव ७५० मीटर आणि चोर्ला ८०० च्या आसपास, म्हणून सपाट वाटतं. मधे सतत वर-खाली आहे, वर खड्डे. ३२ ते ३५ मिमी टायर असेल तर पुढे ५०, मागे ५५ पीएसआय हवा पुरे. दगडासारखी हवा भरली की मनगटं जातात. खायला केळी आणि चिक्की घ्या. कुंदा घरीच बरा, एप्रिलच्या उन्हात दुधाचा पदार्थ पाठीवर बांधून नेण्यात अर्थ नाही.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउलीच्या देवळाजवळ. इथे थांबून बाटल्या भरा आणि ब्रेक बघा. पुढे पंधराएक किलोमीटरमध्ये सातशे मीटर उतरायचं आहे. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर पॅडवरच्या खाचा दिसल्या पाहिजेत. बुजल्या असतील तर पॅड संपलं. ब्रेक सतत घासत उतरू नका. रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटते, तीही नेमकी वळणावर. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग मारा आणि वळणात सोडून द्या. तेवढ्यात रिमला वारा लागतो. डिस्कवाल्यांचा लिव्हर मऊ लागू लागला किंवा पॅड किंचाळू लागले तर दहा मिनिटं थांबा, पण डिस्कला बोट लावू नका. दोघांत निदान तीस मीटर अंतर ठेवा. वळवाची पहिली सर पडली असेल तर त्याच्या दुप्पट, कारण रस्त्यावरचं तेल तेव्हाच वर येतं.

हत्यारांचा एक संच दोघांना चालतो, ट्यूबा मात्र ज्याच्या त्याच्या मापाच्या. एकाचा वॉल्व्ह प्रेस्टा आणि दुसऱ्याचा श्रेडर असेल तर पंप दोन्हींना बसतो का, ते घरीच बघा. चेनची जोडकडीही तशीच: दहा स्पीडची अकराला बसत नाही.

सत्तरीत भट्टी दिसायच्या आधी तिचा वास येतो, पिकून फुटलेल्या बोंडांचा. झाडावरून तोडलेलं बोंड इथे चालत नाही, आपणहून गळलेलंच घेतात. बी पिळून काढतात, बोंडं कोळंबीत (खायची नव्हे, दगडात कोरलेलं टाकं) तुडवतात. रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. मग भाणात (भट्टीवरच्या भांड्यात) उकळून वाफ गार केली की पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा रसाबरोबर उकळला की फेणी. काजूफेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. वाटेत पडलेली ओली बी दातांनी फोडायचा मोह आवरा. टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात. ताजा नीरो (बोंडांचा न आंबलेला रस) मिळाला तर तिथेच प्या. सायकलच्या बाटलीत बंद केला तर उन्हात आंबून फसफसतो आणि झाकण उघडताच अंगावर येतो. बोंडाचा डाग तर कपड्यावरून जातच नाही.

हुर्राक साधारण १५ टक्क्यांचा. १८० मिलीत २७ मिली शुद्ध अल्कोहोल आलं, ते निचरायला शरीराला तीनेक तास लागतात. लिंबू, मीठ आणि सोड्याबरोबर तो सरबतासारखा उतरतो, हीच गोची. म्हणून पोचल्या पोचल्या नको. आधी लिटरभर ओआरएस, जेवण, झोप, आणि मग संध्याकाळी.

रविवारी साडेपाचला निघा. घाट पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी चढ सावलीत असतो आणि दुपारी तोच तव्यासारखा तापतो. ताशी आठ किलोमीटरने चढलात तरी दोन तासांत वर. गिअरला पुढे ३४ आणि मागे ३४ दात मिळाले तर गुडघे वाचतात. चढावर एकमेकांसाठी रेंगाळू नका, ज्याने त्याने आपल्या दमाने चढावं आणि वर चोर्ल्यात भेटावं.

पिशवीत बाटली मात्र ठेवू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणता येत नाही आणि कणकुंबीला अबकारी नाका आहे. सायकलवाल्यांच्याही पिशव्या उघडतात.