रुमाल

मंदाताई (नाव बदललंय) आमच्याकडे आल्या तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या, आज ४३ आहेत. सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताठ, तोंडातून शब्द फुटत नाही, समज मात्र लख्ख. साताऱ्यातल्या आमच्या निवासात चौदा जण राहतात. लोकांना वाटतं आंघोळी आणि भरवणं हेच आमचं काम. रात्री दर दोन तासांनी उठून प्रत्येकाची कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. असो.

मंदाताईंशी बोलायची रीत मी बसवली होती. 'हो' म्हणजे नजर वर, 'नाही' म्हणजे डोळे मिटायचे. नव्या मुलींना ती मीच शिकवायचे, आणि मला तिचा अभिमान होता. त्यातली खोचही सांगायचे. मोठा आवाज झाला, अनोळखी माणूस एकदम समोर आला, की मंदाताईंचं अंग धनुष्यासारखं ताणतं, मान मागे जाते आणि डोळे आपोआप वर चढतात. बघणाऱ्याला ते हुबेहूब 'हो' वाटतं. अशा वेळी मान धरून पुढे ओढायची नाही, त्यानं ताण वाढतो. आधी कंबरेतून आणि गुडघ्यांतून पाय दुमडायचे, मांडीखाली उशी सारायची, आणि आपण श्वास मोजत थांबायचं. अंग सैल पडलं की प्रश्न दोनदा विचारायचा, एकदा सुलट, एकदा उलट. "चहा हवा?" आणि मग "चहा नको?" दोन्हीला नजर वर गेली तर ते उत्तर नव्हे.

आई वारल्यावर त्यांच्या धाकट्या भावानं पालकत्वासाठी अर्ज केला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व, बहुविकलांगता असलेल्या सज्ञान माणसाला पालक नेमता येतो. ते काम स्थानिक स्तर समिती करते. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. माझं मत आधीपासून ठाम होतं: मंदाताईंना पालक नको, वेळ हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, एखाद्या ठरावीक निर्णयापुरतं आणि त्या व्यक्तीशी बोलून. तेवढं पुरे होतं. आणि खरं सांगते, भावावर माझा संशय होता. वाईकडची बागायती जमीन, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागणार, आणि बहिणींकडून हक्कसोड लिहून घेणं आपल्याकडे राखीइतकंच रिवाजाचं झालंय. या माणसाला सही हवी आहे, असं मी धरूनच चालले होते.

सुनावणीच्या दिवशी मंदाताईंना सकाळी सहापासून पाणी घोटभरच दिलं. बाहेर कुठे त्यांना नेता येईल असं स्वच्छतागृह मिळेल याचा भरवसा नसतो. तिथला रॅम्प मात्र चालण्यासारखा होता. एका कचेरीत मी असा चढ पाहिलाय की खुर्ची ढकलायला तीन माणसं लागली. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, एवढं साधं गणित, पण बांधणाऱ्यानं खुर्चीत बसून एकदाही चढून पाहिलेलं नसतं.

आत प्रश्न सरळ आला. "भावाला तुमचा पालक नेमायचा का?" खोली अनोळखी, तेवढ्यात मागे कुणाचा तरी फोन वाजला. मंदाताईंचं अंग ताणलं, मान मागे, डोळे वर. लिहून घेणाऱ्याचा पेन हलला. मी हात वर करून म्हटलं, "साहेब, हे उत्तर नाही. दोन मिनिटं द्या." त्यांनी दिली. मी पाय दुमडले, उशी सारली, थांबले. मग हळू विचारलं, "मंदाताई, तुमचे सगळे निर्णय भावानं घ्यायचे का?"

त्यांचे ओठ हलले. जीभ टाळूला लागून सुटली, चिकट असा बारीक आवाज आला. लाळ गोळा झाली की त्यांचा असा आवाज होतो. मी खिशातून रुमाल काढून त्यांच्या ओठांना लावला.

"थांबा ताई," भाऊ मागून म्हणाला. "ती न्हाई म्हणतीया. च्यक करतीया."

मी वळून पाहिलं. तो पुढे येऊन खुर्चीजवळ उकिडवा बसला. "आक्का, मी पायजे का?" पुन्हा तोच आवाज, या वेळी दोनदा. "आई इचारायची तवा असंच करायची. ल्हानपणापास्नं." आणि समितीकडे बघून त्यानं सांगितलं, "न्हाई म्हणाली ती."

स्वतःच्या अर्जाविरुद्ध तो बोलत होता, आणि ते त्याला कळत होतं.

पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, आईच्या खात्यातले पैसे काढायला बँक कागद मागते, कुणीतरी अर्ज कर म्हणालं म्हणून केला. त्याच्या मनात हक्कसोड होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

अकरा वर्षं. मुद्दाम डोळे मिटून धरायला मंदाताईंना किती कष्ट पडतात हे मला ठाऊक होतं, तरी ती खूण मी त्यांच्यावर लादली. त्यांची स्वतःची, आईनं ओळखलेली, कुठल्याही गावात लहान पोरालाही कळणारी 'च्यक' त्यांच्याजवळ होतीच. ती आली की आम्ही तोंड पुसत होतो. मी पुसलं, माझ्याकडे शिकलेल्या मुलींनी पुसलं. परत येऊन त्यांचा प्रवेशाचा फॉर्म काढला. फिट्स, औषधं, शौचाच्या वेळा, सगळं दोन पानं भरून. 'संवाद' या रकान्यात माझ्याच अक्षरात तीन शब्द: बोलता येत नाही. आई दर महिन्याला डबा घेऊन यायची. तिला आम्ही ऑफिसात बसवून पावती द्यायचो, पाणी द्यायचो. हिच्याशी तुम्ही कसं बोलता, हे एकदाही विचारलं नाही.

समितीला पत्र दिलंय की पुढच्या तारखेला दुभाषी म्हणून मी एकटी नको. मग भावाला फोन केला. म्हटलं, आणखी काय काय खुणा आहेत त्यांच्या, मला लिहून घ्यायच्यात.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ऐतवारी येतो. माझ्या पोरीला पण आणतो. माझ्यापरीस तिला जास्त ठावं हाय."