राजीनामा मंजूर, पण मायक्रोमीटर कुठंय?

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं) क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला होतो. शेंद्र्याला बरी नोकरी लागली म्हणून राजीनामा दिला. तीस दिवसांची नोटीस पूर्ण भरली, माझ्या जागी आलेल्या पोराला सगळं काम समजावून दिलं. प्लांट हेड साहेबांनी तोंड फिरवलं, तेवढं चालायचंच.

अडकलो नो ड्यूजच्या, म्हणजे 'याच्याकडं काही बाकी नाही' अशा सह्यांच्या कागदावर. कॅन्टीन, टाइम ऑफिस, सेफ्टी, सगळ्यांच्या सह्या दुपारपर्यंत झाल्या. स्टोअरवाल्याने रजिस्टर काढून बोट ठेवलं. "सर, हे शून्य ते पंचवीसचं मायक्रोमीटर तुमच्या नावावर दिसतंय." मायक्रोमीटर म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन. ते कॅलिब्रेशनला, म्हणजे माप बरोबर दाखवतं का ते तपासायला लॅबमध्ये गेलेलं, तेही त्याच्याच हातच्या गेट पासवर! माल बाहेर गेल्याच्या चलनाची कॉपी दाखवली. "ते गेटचं रजिस्टर, हे इश्यूचं. जमा झाल्याची एन्ट्री पाहिजे." आता लॅबमधली वस्तू मी जमा कशी करणार?

लॅबला फोन लावला. सर्टिफिकेट तयार होतं, पण मागचं बिल थकल्यामुळं माल सोडत नव्हते. अकाउंट्सवाले म्हणे, बिलावर प्लांट हेडची सही नाही. आणि प्लांट हेड माझ्यावर रुसलेले. एचआरच्या मॅडमचं पालुपद ठरलेलं: नो ड्यूजशिवाय फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब नाही, त्याशिवाय रिलीव्हिंग लेटर नाही, पीएफमध्ये एक्झिटची तारीखही नाही. इकडं नवी कंपनी रोज लेटर मागायची. मी बजाजनगरहून सुट्टी काढून जायचो आणि गेटवर व्हिजिटर पास घेऊन बसायचो. इतकी वर्षं ज्या गेटातून कार्ड दाखवून आत गेलो, तिथं वॉचमन विचारायचा, "कोणाला भेटायचंय?"

शेवटी एकच मेल टाकला. चलनाचा फोटो, राजीनामा मंजूर केल्याचा मेल, सगळं जोडलं आणि पुण्याच्या हेड ऑफिसला कॉपीत ठेवलं. त्याच संध्याकाळी स्टोअरची सही झाली. मायक्रोमीटर तेव्हाही लॅबमध्येच होतं, बरं का! म्हणजे सही आधीही होऊ शकत होती.

मालक लोक वाचत असाल तर एवढंच करा. नोटीसच्या पहिल्याच आठवड्यात जाणाऱ्याच्या नावावर काय काय आहे याची यादी काढा, आणि तो कागद एचआरने फिरवावा, जाणाऱ्याने नाही. शेंद्र्याला माझ्या नव्या कंपनीत असंच चालतं. तिथं एक पोरगा सोडून गेला, शेवटच्या दिवशी लेटर घेऊनच बाहेर पडला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय. तिच्यात राजीनामा दिलेल्याचाही राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्या असं आहे. 'पुढच्या पेमेंट सायकलला बघू' हे आता जुनं झालं.

ग्रॅच्युइटीचं राहिलंच. माझी नोकरी ६ वर्षं ७ महिने. अकाउंट्सने सहाच वर्षं धरली होती. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे सात. मूळ पगार आणि डीए मिळून १८,००० असेल तर त्याला २६ने भागा, १५ने गुणा, मग ७ने. ७२,६९२ रुपये येतात. सहा वर्षं धरली की दहा हजारांच्या वर फटका. हे पैसे ३० दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाला तर व्याजासकट.

पीएफची तारीख कंपनी टाकतच नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने थांबा आणि पीएफच्या यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मधून स्वतः टाका, आधारचा ओटीपी लागतो. तारीख दोनदा बघून घ्या, नंतर दुरुस्तीला लई ताप होतो. आणि राजीनामा मेलवरच द्या. हातात दिलाच तर दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.