दोन व्हॅन, एक घाट आणि सेकंड बॅटरीचा हिशोब

मी आणि माझा मित्र, दोघांच्या दोन कॅम्पर व्हॅन, आणि आधी पठार मग जंगल मग वर खिंडीपर्यंत असा रूट. फोटो वगैरे सगळ्यांनी बघितलेत, पण विचारणारे सगळे एकच विचारतायत की फ्रिज, पंखा, लाइट एवढं सगळं चालवून सकाळी गाडी स्टार्ट कशी होत होती. थोडक्यात उत्तर, हे सगळं मागच्या वेगळ्या सेकंड बॅटरीवर चालतं, स्टार्टची पुढची बॅटरी वेगळी. ती सेकंड बॅटरी चार्ज कशी होते हीच खरी गोष्ट, म्हणून हा वृत्तांत बॅटरीच्या अंगाने लिहितोय, निसर्गवर्णन नाही.

आधी दोन्ही गाड्यांचं सेटअप. माझी व्हॅन जुनी, साधा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), इंजिन चालू की कायम १४ व्होल्टच्या वर. मागे फ्रिज-पंख्यासाठी १०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे ३० अँपचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे पुढून येणारं व्होल्टेज मागच्या बॅटरीला हवं तसं करून देणारा डबा. मित्राची व्हॅन नवी, स्मार्ट अल्टरनेटरवाली, मागे १०० एएच एजीएम (लेड ॲसिडचाच सीलबंद प्रकार), आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच), जो त्याला कोणीतरी बसवून दिलेला, "चालतंय की" म्हणून.

पहिला दिवस सपाट हायवे, दिवसभर ड्रायव्हिंग. संध्याकाळी माझी बॅटरी फुल्ल आणि त्याचा मीटर १२.३ दाखवतोय, म्हणजे निम्म्याच्या थोडी वर. तो म्हणे बॅटरी गेली. बॅटरी गेलेली नव्हती, हे दुसऱ्या दिवशी घाट उतरताना कळलं. मी त्याच्या शेजारी बसलेलो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सीटखालून खट्ट आवाज यायचा आणि मीटर एकदम १४.८, परत जरा चढ लागला की खट्ट, आणि १२.५. अख्खा घाट हेच. स्मार्ट अल्टरनेटर डिझेल वाचवायला सपाटीवर व्होल्टेज पाडून ठेवतो आणि उतारावर, ब्रेकवर वाढवतो. रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो, त्यामुळे त्याची मागची बॅटरी फक्त उतारावर चार्ज होत होती. नवी गाडी असेल तर रिलेच्या फंदात पडू नका, सरळ डीसी-डीसी घ्या, आणि तो व्होल्टेज बघून नाही तर इग्निशनच्या किंवा डी प्लसच्या (इंजिन चालू असल्याचा सिग्नल देणाऱ्या) वायरवरून चालू होईल असा जोडा. मित्राने मग उरलेली ट्रिप हेडलाइट चालू ठेवून गाडी चालवली, काही गाड्यांत त्याने व्होल्टेज वर राहतं, त्याच्या गाडीत राहिलं, पण हा जुगाड झाला, उपाय नाही.

आता जंगल. झाडाखाली कॅम्प म्हणजे सोलर जवळजवळ शून्य हे धरूनच चाला. माझा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४ अँपच्या आसपास खातो पण सतत चालत नाही, त्यामुळे दिवसाला ३०-४० एएच, वर पंखा, लाइट, फोन. म्हणजे दोन रात्री एका जागी थांबलो तर १०० एएच लिथियम तळाला टेकते आणि तेवढीच एजीएम त्याच्या कितीतरी आधी, कारण लेड ॲसिडला निम्म्याच्या खाली वारंवार नेलं की तिचं आयुष्य घटतं. भरून काढायला लागणारा वेळ हा दुसरा फरक. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, फ्रिजचा वाटा वजा करून मला तासाला २५-२६ एएच मिळायचे. एजीएम ८० टक्क्यांनंतर इतकी आळशी होते की शेवटचा भाग भरायला काही तास जातात, दुपारच्या छोट्या ड्राइव्हमधे ती फुल्ल होणारच नाही, कितीही मोठा चार्जर लावा. आणि कॅम्पवर इंजिन आयडलला ठेवून चार्ज करायचा मोह टाळा. आयडलला अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि वरून लोड पूर्ण, तो तापतो. शेजारच्या टेंटवाल्यांच्या शिव्या वेगळ्याच.

जंगलातून बाहेर पडायचा रस्ता दगडधोंड्यांचा. तो संपतासंपता माझ्या चार्जरचा लाइट लागतोय, विझतोय, परत लागतोय. ॲपमधे बघितलं तर करंट ३०, शून्य, ३०, शून्य. असं दिसलं की चार्जर खराब समजून उघडत बसू नका. माझा चार्जर इनपुट १४ ला पोचलं की सुरू होतो आणि १३.१ खाली गेलं की थांबतो, म्हणजे लोड आला की इनपुट पडतंय, लोड गेला की परत चढतंय, म्हणजेच वाटेत कुठेतरी व्होल्ट गळतायत. मल्टीमीटर लावला. इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.१, चार्जरच्या तोंडाशी एरवी १३.७ मिळतात ते आता लोडखाली १२.५. मग प्रोब फ्यूज होल्डरच्या दोन टोकांना टेकवले तर तिथेच १.२ व्होल्ट. करंट होता ३५ अँप, गुणाकार करा, ४२ वॅट, म्हणजे बॉनेटखाली एक चालू सोल्डरिंग आयर्न. होल्डरचं प्लास्टिक एका बाजूने मऊ पडून वाकलेलं, आणि आतला नट हाताने फिरत होता. धक्क्यांनी ढिला झालेला. स्प्रिंग वॉशर घालून आवळला, स्पेअर होल्डर होता तो लावला, काम फत्ते.

म्हणूनच कोणी "किती अँपचा चार्जर घेऊ" विचारलं की मी म्हणतो आधी केबल बघ. ३० अँप बाहेर देताना चार्जर आत ३५ ते ३८ अँप ओढतो. पुढून मागे ५ मीटर अंतर म्हणजे जाऊन येऊन १० मीटर तांबं. १६ स्क्वेअर एमएमला ०.४ व्होल्ट पडतात, १० ला ०.६ च्या वर, आणि ६ ला तर १ व्होल्टच्या पुढे, नट घट्ट असतानासुद्धा. (मायनससाठी गाडीची चासिसच वापरली तर केबल एकेरी लागते, पण तिथला रंग खरवडून लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, बसवा.) केबल शुद्ध तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, टोक कापून बघा, तारेच्या आतून पांढरी दिसली तर ठेवून द्या. फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ, कारण केबल कुठेही घासली तरी दोन्हीकडून करंट येऊ शकतो. नवीन गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो, तिथे मायनस थेट टर्मिनलला जोडू नका, सेन्सरच्या पलीकडे चासिसला जोडा, नाहीतर गाडीचा हिशोब चुकतो.

खिंडीत रात्री बाहेर पाणी गोठलं. सकाळी निघालो, चार्जर चालू, करंट शून्य. हा बिघाड नाही. शून्याखाली लिथियम चार्ज केली की आत धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची कमजोर होते, म्हणून तिचा बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) चार्जिंग बंद करतो. वापर चालू राहतो, हीटर चालतो, त्यामुळे केबिन गरम झाली आणि थोड्या वेळाने करंट आपोआप सुरू झाला. बॅटरी केबिनमधेच ठेवा, फरशीखाली बाहेर टांगू नका. मित्राची एजीएम मात्र त्या थंडीतही, हळू का होईना, चार्ज होत होती, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. सारखे थंडीत फिरणार असाल आणि बॅटरी बाहेरच बसवायची असेल तर मी स्वतः एजीएमच सुचवेन.

लिथियम रिलेवर थेट जोडून पैसे वाचवायचा विचार असेल तर एवढं बघा की ती अल्टरनेटरकडून वाट्टेल तेवढा करंट मागते, आणि बीएमएसने मधेच तोडलं तर व्होल्टेजचा झटका बसून अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. मधे चार्जर असला की दोन्ही प्रश्न मिटतात.

मित्राने आता डीसी-डीसी लावलाय, तोही ३० चा, पण त्याच्या एजीएमला एवढा करंट नको म्हणून २० वर सेट करून आणि प्रोफाइल एजीएमचं निवडून. तुम्हीही लावलात की पहिल्या खडबडीत रस्त्यानंतर इंजिन बंद करून एकदा सगळे नट पान्याने तपासा, आणि डब्यात दोन फ्यूज, एक होल्डर, मल्टीमीटर आणि १३ चा पाना एवढं तरी असू द्या.