तुम्ही विचारलंत म्हणून: ती रबरी डोक्यांची मालिका

दर वर्षी कोणीतरी विचारतंच. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत, पुतणीच्या लग्नात, एकदा तर दाताच्या डॉक्टरने, माझ्या तोंडात त्याची हत्यारं असताना. "काका, एवढ्या चांगल्या मालिका येतात, आणि तुम्ही अजून ती जुनी अमेरिकन 'एलियन नेशन' काय धरून बसलाय?" आजवर मी "आवडते बुवा" म्हणून पुढे सरकत आलो. या वेळी सांगून टाकतो.

कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटात परग्रहावरच्या गुलामांचं यान उतरतं, त्यातली अडीच लाख माणसं (हो, मी माणसंच म्हणतो) लॉस एंजलिसमध्ये राहायला येतात आणि त्यातला जॉर्ज फ्रान्सिस्को पोलिसात डिटेक्टिव्ह होतो. एवढं तुम्हालाही आता पाठ झालं असेल.

तुमचे आक्षेप मान्य आहेत. डोकी रबरी आहेत, ठिपके रंगवलेले दिसतात. गुन्ह्यांच्या गोष्टी बेताच्या. समुद्राचं पाणी अंगावर पडलं तर ही मंडळी तेजाब पडल्यासारखी भाजतात, आणि राहायला आली ती कुठे, तर समुद्रकाठच्या शहरात! नासलेलं दूध पिऊन झिंगतात. आमच्या घरी ताकाचं पातेलं निघालं की पोरं अजून त्यावरून टोमणे मारतात. सगळं कबूल.

पण तुम्ही ज्या 'चांगल्या' म्हणता त्या जरा आठवा. १९७८ च्या 'मॉर्क अँड मिंडी'मधला परग्रहवासी मॉर्क कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये माणूस म्हणून वावरतो. 'अल्फ' मालिकेतल्या अल्फला टॅनर कुटुंब शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून दडवून ठेवतं. 'थर्ड रॉक'मधलं सॉलोमन कुटुंब ओहायोत प्राध्यापकाचं घर थाटून बसलेलं. अलीकडच्या 'रेसिडेंट एलियन'मधला हॅरी तर मेलेल्या डॉक्टरचं रूप घेऊन गावचा डॉक्टर होतो. सगळे लपलेले. पकडला जातो की नाही, यावरच सगळा खेळ. जॉर्जला लपायची सोयच नाही. तो कोण ते साऱ्या शहराला ठाऊक आहे आणि तरी त्याला घर हवंय, बढती हवीय, पोरीला शाळेत घालायचंय. सुरुवातीलाच धाकटी एमिली शाळेत जायला निघते तर बाहेर जमाव ओरडत उभा. १९५७ साली लिटल रॉकमध्ये काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत येऊ न देणाऱ्या जमावाचे फोटो पाहिलेत ना, तेच चेहरे. मूळ चित्रपट १९८८ चा. केनेथ जॉन्सन यांनी त्याची मालिका केली, ती म्हणे एका क्षणावरून. जॉर्ज कामाला निघतो आणि दारात बायकामुलं हात हलवत उभी दिसतात, तेवढ्यावरून. गोळीबार बाजूला ठेवून हे ज्याला दिसलं त्याला माझा नमस्कार.

माझ्या पहिल्या ग्रीन कार्डावर ठळक अक्षरांत 'रेसिडेंट एलियन' छापलेलं होतं. तेव्हा सगळ्यांच्याच कार्डावर असायचं. कर भरतानाच्या कागदांत तो शब्द अजून आहे. ते कार्ड मी पार्टीत काढून दाखवायचो आणि म्हणायचो, बघा, सरकारी परग्रहवासी! लोक हसायचे. मग मी नावांवर यायचो. या नवागतांना नावं देताना अधिकारी कंटाळले आणि त्यांनी थट्टा मांडली. जॉर्जचं कागदावरचं नाव होतं सॅम फ्रान्सिस्को. पोलीस ठाण्यात झाडलोट करणारा एक बिचारा आहे, त्याचं नाव अल्बर्ट आइनस्टाइन. "माझंही तसंच केलं हो यांनी," असं मी सांगायचो. "दत्तात्रयचा डॅन करून टाकला."

हे मी तीसेक वर्षं सांगतोय आणि ते खोटं आहे.

मला कोणी डॅन केलं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबाने माझं नाव नीट विचारलं, कागदावर लिहून घेतलं, दोनदा म्हणायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी त्याला जवळजवळ जमलं होतं. मीच घाईघाईने म्हणालो, "डॅन म्हणा, सोपं पडेल." तो बिचारा बरं म्हणाला. कोणाला सोपं पडणार होतं ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

आता ती फेब्रुवारी १९९२ मधली सकाळ. दहा वाजले असतील, म्हणजे मिरजेत रात्रीचे साडेअकरा. मी रिसेप्शनजवळ कॉफी ओतून घेत होतो. फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकलं, "कोण?" म्हणाल्या, पुन्हा ऐकलं, पुन्हा "कोण?" मग म्हणाल्या, "सॉरी सर, या नावाचं इथे कोणी नाही." रिसीव्हरवर हात ठेवून त्या आमच्याकडे वळल्या आणि हसत म्हणाल्या, "कोणाला तरी डेटा ट्रे हवाय. हार्डवेअरवाल्यांकडे देऊ का?"

डेटा ट्रे. सगळे हसले. मीही हसलो.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की माझ्या लक्षात आलं नाही. आलं होतं. त्या इमारतीत दत्तात्रय नावाचा दुसरा कोण असणार? पण पुढे होऊन "तो मी" म्हणायचं, तर चार वर्षं माझ्या शेजारी बसलेल्या लोकांना माझं नाव डेटा ट्रे आहे हे सांगावं लागलं असतं. पाच पावलांवर फोन होता. मी कपात साखर घातली. मी साखर घेत नाही. बाईंनी फोन ठेवला. मला वाटलं, कोणी असेल त्याला गरज असेल तर घरी करेल.

कोणी म्हणजे अण्णा. दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथमध्ये, त्या लाल आकड्यांकडे बघत उभे. आईला हार्ट अटॅक आला होता. घरी फोन करून उपयोग नव्हता, दिवसा आमच्या घरी कोणी नसायचं हे त्यांना माहीत होतं. रात्री आठला चुलत भावाचा फोन आला तेव्हा मला कळलं. आई वाचली. पुढे सहा वर्षं होती. त्यामुळे ही गोष्ट कोणाला सांगितली तर "मग काय झालं एवढं?" असंच म्हणतील, म्हणून सांगितली नव्हती.

अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त चुलतभावाकडून त्यांनी काय ते विचारून घेतलं असावं, कारण त्यानंतर ऑफिसात त्यांचा फोन आला की ते शाळामास्तरी इंग्रजीत, प्रत्येक शब्द सुटा करून विचारायचे, "मे आय स्पीक टू मिस्टर डॅन, प्लीज?" बाई माझ्याकडे फोन देताना म्हणायच्या, तुमचे वडील किती सभ्य आहेत!

तर असा मी. जॉर्ज नव्हेच, मी ओहायोतला सॉलोमन. लपायची सोय होती आणि लपलो.

माझी मुलगी यावर आणखी एक घाव घालते. "बाबा, ते जहाजावरचे गुलाम होते. पिढ्यान्‌पिढ्या राबवलेले. तुम्ही स्टायपेंड घेऊन विमानाने आलात." बरोबर आहे तिचं. ती मालिका काळ्यांची आहे, बोटीतून आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांची आहे, दक्षिणेची सीमा ओलांडून आलेल्यांची आहे. उपनगरात दोन गाड्या ठेवणाऱ्याने त्यात आपला चेहरा शोधू नये. शिवाय त्या नवागतांमध्ये त्यांच्यावर हुकूम चालवणारे ओव्हरसीअरही मिसळून राहिलेले असतात, मनगटावरची खूण झाकून. मंडळात नव्या मुलाने नाव सांगितल्यावर "आणि आडनाव?" म्हणून थांबणारे आपण कोणत्या बाजूचे, हे तिने मला विचारलं आहे. उत्तर दिलेलं नाही.

पण मग मी म्हणतो, चूक असेल, तरी दिसतो ना चेहरा! तो काही मी तिकीट काढून शोधायला गेलो नव्हतो. सोमवारी रात्री टीव्हीवर आला.

मालिकाही अशी की बावीस भागांत आटोपली. मे १९९० मध्ये शेवटचा भाग, त्यात जॉर्जची बायको सुसान आणि एमिली जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात, आणि तिथेच फॉक्स वाहिनीने गाशा गुंडाळला. पुढचं १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये, दूरचित्रपटात. चार वर्षं त्या दोघी तशाच पडून. माझा फोन त्या चार वर्षांतला. याचा एकमेकांशी संबंध नाही हे मलाही कळतं.

१९९५ च्या उन्हाळ्यात आईअण्णा आमच्याकडे आले. आई दुपारची झोपली होती. मी त्या दूरचित्रपटाची टेप लावली होती, अण्णा येऊन बसले. पाऊण तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याचं खरं नाव काय?"

"जॉर्ज."

"ते इथलं. खरं."

मी सांगितलं, स्टँग्या सोरेन्ट्झा. अण्णांनी चष्मा काढला आणि वर्गात नवा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी म्हणून बघावा तसं ते नाव म्हणून बघितलं. अडखळले. पुन्हा म्हणाले.

"अवघड आहे," म्हणाले. "पण म्हणता येतंय की."

मिरजेला परत गेल्यावर पोचल्याचा त्यांचा फोन आला. ऑफिसातच आला. मिस्टर डॅन आहेत का, असं विचारत.