एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लिंक: पिळाच्या लहरी आणि सोलापूरची गच्ची

५.८ गिगाहर्ट्‌झवर एकाच चॅनेलमध्ये, एकाच ध्रुवीकरणात (लहरीचं विद्युतक्षेत्र ज्या दिशेत हलतं ती दिशा) दोन वेगळे सिग्नल पाठवता येतात. एका लहरीला पीळ द्यायचा: अक्षाभोवती एक फेरी पूर्ण होईपर्यंत तिची फेज (चढ-उताराच्या चक्रातली जागा) ३६० अंश सरकते, गोल जिन्यासारखी. हा मोड १; दुप्पट सरकली तर मोड २. बिनपिळाची लहर म्हणजे मोड ०. दोघींचा कोनीय संवेग वेगळा, त्यामुळे पूर्ण वर्तुळभर मोजलं की एकीचा अंश दुसरीत उरत नाही. सगळी अडचण त्या ‘पूर्ण वर्तुळभर’मध्येच आहे.

टेबलावर करून बघायचं तर ४६ मिलीमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आठ पॅच अँटेना (चपट्या, पत्र्याच्या तुकड्यासारख्या) बसवा. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला हवं; वर्तुळाबरोबर फिरवत बसवले तर ध्रुवीकरणच बिघडतं. आठ वाटांच्या पॉवर डिवायडरपासून निघणारी प्रत्येक पुढची केबल आधीच्या केबलपेक्षा ४५ अंशांनी लांब ठेवा. टेफ्लॉनच्या कोॲक्समध्ये हे साधारण ४.५ मिलीमीटर होतात. इथे १ मिलीमीटर चुकलं की १० अंश गेले, म्हणून केबल पट्टीने न मोजता व्हीएनएवर (फेज मोजणाऱ्या यंत्रावर) फेज बघून कापा. आठ पॅचवर मोड ४ आणि उणे ४ (तितकाच, पण उलट्या दिशेचा पीळ) वेगळे ओळखता येत नाहीत. ३ पर्यंतच थांबा.

आता ५० सेंटिमीटरवर एक प्रोब (सिग्नल मोजणारी छोटी अँटेना) धरा. मधोमध सिग्नल जवळपास नाहीसा होतो आणि सुमारे १७ सेंटिमीटर त्रिज्येवर सर्वांत जोरदार मिळतो. मोड २ ला हेच कडं ३३ सेंटिमीटरवर जातं. जवळ पत्र्याचं छत किंवा लोखंडी कपाट असेल तर परावर्तनात पीळ उलटतो, अधिक १ चा उणे १ होतो आणि मोजमाप फसतं. शक्य तर मोकळ्या गच्चीवर मोजा.

लांब पल्ल्याला मात्र हे कडं पसरत जातं. सोलापुरातल्या ५०० मीटर अंतरावरच्या दोन गच्च्या जोडायच्या म्हटल्या, तर मोड नीट वेगळे पडायला दोन्हीकडे अंदाजे ५.७ मीटर व्यासाची अँटेना लागेल. ती ०.१ अंश कलली तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळपास ७० अंश फेज बिघडते आणि मोड १ चा अंश ० आणि २ मध्ये गळतो. वळवाच्या वाऱ्यात जीआय पाइपचा खांब एवढा स्थिर राहणं अवघड. ६० गिगाहर्ट्‌झला व्यास १.८ मीटरवर येतो, पण तिथे हवेतला ऑक्सिजन ५०० मीटरमध्ये ७ ते ८ डेसिबल खातो.

२०११ मध्ये व्हेनिसला ४४२ मीटरवर, २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, पिळाची आणि बिनपिळाची अशा दोन वाहिन्या चालवून दाखवल्या होत्या. तिथे पूर्ण कडं पकडलेलं नव्हतं. दोन यागी (टीव्हीच्या जुन्या काड्यांच्या अँटेनासारख्या) अँटेनांमधल्या फेजच्या फरकावरून वाहिन्या वेगळ्या केल्या होत्या. पुढच्याच वर्षी लुंड विद्यापीठाच्या एडफोर्स आणि जोहानसन यांनी दाखवलं, की असा अँटेनांचा गोल हा मिमोचाच, म्हणजे अनेक अँटेना वापरून एकाच वेळी अनेक सिग्नल पाठवण्याच्या पद्धतीचाच, एक प्रकार आहे. हे म्हणणं मला पटतं. गच्चीवरच्या लिंकला उभं आणि आडवं ध्रुवीकरण वापरणारी साधी मिमो डिश घ्या. पिळाच्या लहरी काही मीटरच्या, समोरासमोर पक्क्या बसवलेल्या जोडणीत वापरा. तिथे त्या खरंच कामाच्या आहेत.