माटोळीच्या माहेरी

गोव्यात ‘रोड ट्रिप’ म्हणायचं म्हणजे जरा धाडसच. अख्खं राज्य ३७०२ चौरस किलोमीटरचं. इंजिन नीट तापायच्या आत हद्द येते. तरीही माझ्या भाचीने आदल्या रात्री टोप्या, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे असं सगळं मांडून ठेवलं होतं, जसं काही आम्ही लडाखलाच निघालो होतो. निघालो होतो फोंड्याहून केरीला, वाघेरीचा डोंगर चढायला. सत्तरीतली केरी. (एक पेडण्यात आहे, एक आमच्या फोंडा तालुक्यातच, पाहुणे हमखास चुकीच्या केरीत पोचून फोन करतात.) वहिनीने यायला साफ नकार दिला. “डोंगर मला खिडकीतून दिसतो तेवढा पुरे,” म्हणाली.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. हे मधले दिवस मला वर्षातले सगळ्यात आवडते. पाऊस गेलेला असतो, पण पुरता गेलेला नसतो. दुपारनंतर कधी गडगडेल सांगता येत नाही. म्हणून पहाटेच निघालो. खांडेपारच्या पुलावर नदीतून वाफ वर येत होती, पुढे शेतं पिवळी पडलेली. होंडा गाव आलं तेव्हा भाचीने विचारलं, “ह्या गावाचं नाव गाडीवरून पडलं?” दादा गंभीरपणे म्हणाला, “नाही, गाडीचं गावावरून.” साखळीपर्यंत तिने ते खरं धरलं होतं.

साखळीला पातळ भाजी, पाव, मिरची भजी आणि बन्स. बन्स म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्यांना समजावत बसण्यात अर्थ नाही. केळं घालून मळलेल्या पिठाची ती फुगलेली गोडसर पुरी तिखट भाजीत बुडवून खाल्ली, की डोंगर चढायचा विचार तिथेच मावळतो. आम्ही नेटाने उठलो.

वाटेत एका वाड्यावर नरकासुर उभा राहत होता. बांबू आणि तारेचा सांगाडा, आत गवत कोंबलेलं, पाय झालेले, ढेरी झालेली, मुंडकं नाही. पोरं भोवती चहा पीत बसलेली. दिवाळीच्या पहाटे जाळायचा राक्षस आठ दिवस आधी असा बिनडोक्याचा, निरुपद्रवी उभा असतो. भाचीने त्याला हात केला.

केरीतून वाटाड्या घेतला. वाघेरीचा चढ, रान म्हादई अभयारण्याचं. १९९९ साली ते जाहीर झालं. वनखात्याची परवानगी घेऊनच आत जायचं. डोंगराच्या नावातला वाघ अजून ह्या रानांत फिरतो. जानेवारी २०२० मध्ये अभयारण्यात गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले होते. दादाने तो विषय काढला तेव्हा वाटाड्या नुसता “हूं” म्हणाला आणि झपाझप पुढे झाला.

बाहेर आश्विनातलं ऊन कातडी सोलत होतं, आत झाडाखाली मात्र ओल तशीच. पायवाटेवर एक मोठं पांढरं, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू तरंगत होतं. उडत नव्हतं, तरंगत होतं. कुणीतरी वरून कागद सोडावा तसं. मलबार ट्री निम्फ. सह्याद्रीच्या रानांखेरीज हे कुठे सापडत नाही. आम्ही तिघं धापा टाकत असताना त्याचा तो निवांतपणा थोडा अपमानास्पद वाटला.

आणि मग ती लाल फळं दिसली. उंच झाडावर चढलेल्या वेलीला, माझ्या हाताच्या कितीतरी वर, शेंदरी-लाल गोळे. कवंडळ! चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळीत, म्हणजे रानफळं-फुलं टांगलेल्या लाकडी चौकटीत, लटकतं ते. आजवर मी ते फक्त तिथेच, माळ्याखाली सुतळीने टांगलेलं बघितलं होतं. सुपारीचा घड, तोरिंग, आंबाडे, त्यांच्यामध्ये हे. ते कुठेतरी उगवत असेल असा विचारही कधी मनात आला नव्हता. पुढच्या वळणावर कळलावी होती, आमच्या माटोळीतली वाघनखं. चवथीला लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी असते ती आता वाळून शेंगांवर आली होती. भाची हात लावायला गेली तशी दादाने तिला मागे ओढलं. मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी.

चवथीच्या आधी फोंड्याच्या बाजारात गोणपाटावर हा सगळा माल मांडलेला असतो. त्यावरून मी दर वर्षी घासाघीस करते. “रानातलंच ना हे? त्याला काय एवढे?” हे माझं ठरलेलं वाक्य.

“चवथीच्या आदीं हांवूय फोंड्या बाजारांत बसतां,” वाटाड्या वेलीकडे बघत म्हणाला. म्हणजे तोही तिथे विकायला बसतो.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हती.

माथ्यावर फार वेळ थांबलो नाही. खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी काठोकाठ भरलेलं, ज्या गावाचं नाव धरणाला आहे तेही त्याच पाण्यात. समोर चोर्ला घाटात बेळगावकडे जाणारे ट्रक मुंग्यांसारखे. पश्चिमेला ढग चढायला लागले तसा वाटाड्याने इशारा केला.

उतरताना माझे गुडघे बोलू लागले. “बाय, सवकास,” असं तो दर दहा पावलांनी म्हणत होता, आणि मला तो मघाशी बाजाराबद्दल जे बोलला तेच पुन्हा ऐकू येत होतं.

गावाशी पोचलो तर बांधावर कमरेएवढी झुडपं, फुगीर शेंगा वाळून तपकिरी झालेल्या. वाटाड्याने एक तोडून भाचीच्या कानाशी हलवली. छुम छुम. “घागऱ्यो,” तो म्हणाला. घुंगरं.

आमच्या माटोळीत दर वर्षी घागऱ्या असतात. हिरव्या, मुक्या. चवथीला शेंग कोवळी, बिया आत चिकटलेल्या, त्या कशा वाजणार? नाव असं का, हे पन्नाशी ओलांडेपर्यंत मी कधी विचारलं नव्हतं. सुटलेल्या बिया वाजायला आश्विन उजाडावा लागतो, आणि तोवर आमची माटोळी पाण्यात गेलेली असते.

अभयारण्यातून पानही उचलायचं नसतं, पण हा बांध गावातला होता. भाचीने धन्याला विचारून एक डहाळी घेतली आणि गाडीच्या आरशाला बांधली. उसगावपर्यंत रस्त्याला गतिरोधक किती आहेत, ते त्या दिवशी आम्हांला मोजावे लागले नाहीत.