चाळीसला तोच सूर

गॅरेजचं शटर अर्धं वर केलं होतं तेवढ्यात काका येऊन उभे राहिले. गाडी बंदसुद्धा केली नव्हती. म्हणाले, "काल सकाळपर्यंत ठणठणीत होती रे. संध्याकाळी घरी येताना एकदम थरथरायला लागली. आरशात मागच्या गाडीचे दिवे दोनाचे चार दिसतात."

काकांची गाडी वयाने माझ्याहून थोडीच लहान असेल. उंच, मागच्या चाकांना ताकद देणारी, पोटाखालून लांबलचक प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनचं फिरणं मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, गेलेली. काका तिला जपतात, पण तिच्याखाली कधी वाकून बघत नाहीत.

चावी मागितली नाही. "काका, तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो." गाडी माझ्या हातात आली की मी ती माझ्या सवयीने चालवणार, आणि मालकाला ज्या वेगाला त्रास होतो नेमका तोच वेग चुकवणार. हे पूर्वी दोन-तीनदा झालंय.

साठला सीटमध्ये हलकी गुणगुण सुरू झाली. सत्तरला गिअरचा दांडा थरथरू लागला, आणि ऐंशीला आरशातलं सगळं चित्र पुसट झालं. पंच्याण्णवच्या पुढे पुन्हा जरा शांत. स्टिअरिंग मात्र या सगळ्यात निवांत होतं. स्टिअरिंग शांत आणि बूड थरथरतंय म्हणजे बहुतेक दुखणं मागे आहे. बहुतेकच, कारण यावर पैज लावणारे मेकॅनिक मी हरताना पाहिलेत.

आता पहिला प्रश्न असा की थरथर कुणाच्या मागे जाते: गाडीच्या वेगाच्या, इंजिनच्या फेऱ्यांच्या, की ॲक्सिलरेटरच्या. इथे या जुन्या गाड्यांत एक फसवणूक असते. चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनची एक फेरी झाली की शाफ्टचीही एकच फेरी. चौथ्यात दोघं बरोबरीने फिरत असल्यामुळे चोर कोण ते कळत नाही. म्हणून काकांना तिसऱ्यात ऐंशी गाठायला सांगितलं. इंजिन बिचारं ओरडायला लागलं, पण थरथर ऐंशीलाच आली आणि तशीच आली. मग क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली. तरी ती होतीच, आणि वेग उतरला तशी उतरली. ॲक्सिलरेटर सोडला काय नि दाबला काय, फरक नाही. शेवटी गाडी उभी करून इंजिन 2,700 फेऱ्यांवर नेलं, तर डॅशबोर्डवरची पाण्याची बाटलीसुद्धा हलली नाही. इंजिन निर्दोष सुटलं.

उरले दोघं, चाकं आणि शाफ्ट. ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण 22 मीटर जाते. टायरचा घेर दोन मीटर धरला तर चाक सेकंदाला 11 वेळा फिरतं. शाफ्टचं फिरणं मागच्या चाकांना देणारी दातेरी जोडी असते, मोठा क्राउन आणि छोटा पिनियन. या गाडीत क्राउनला 41 दाते आणि पिनियनला 10, म्हणून शाफ्ट त्याच्या चारपटीहून थोडा जास्त, सेकंदाला 45 वेळा. चाकाचा दोष अंगाला गदागदा हलवतो, जवळजवळ मोजता येतो. शाफ्टचा दोष मोजता येत नाही, तो दातांत भरतो. काकांच्या गाडीने माझे दात शिवशिवत होते.

गाडी पिटवर घेतली. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला, वर-खाली ढकलला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो, कोनातही फिरू देणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा. त्यातल्या मागच्या क्रॉसला थोडा खेळ होता आणि त्याच्या कपाभोवती लाल भुकटी जमली होती. क्रॉसमधलं ग्रीस संपलं की कपातल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या फिरतात, गंज चढतो, तोच गंज दळला जातो आणि सीलमधून अशी भुकटी बाहेर पडते. मी खूष झालो. अर्ध्या तासात चोर सापडला म्हटल्यावर कोण खूष होणार नाही?

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. क्रॉस एका दुपारीत कोरडा पडत नाही. त्याला महिने लागतात, आणि काका तर म्हणत होते काल संध्याकाळी. ते शब्द मी ऐकले होते, पण लाल भुकटी दिसल्यावर ते कानामागे पडले.

शाफ्ट काढण्याआधी खुणा मात्र केल्या. शाफ्ट मागे जिथे बोल्टने जोडला जातो त्या डिफरन्शियलच्या फ्लँजवर एक रेघ, आणि शाफ्टचे दोन भाग जिथे एकमेकांत सरकतात त्या दातेरी जोडावर दुसरी. दोन्ही खडूने. लोखंडावर खूण ठोकायचा पंच खिशात होता, पण वाकलेल्या मानेने पिटमध्ये हातोडी फिरवायचा कंटाळा आला.

क्रॉस बदलायला वेळ लागला नाही. सर्क्लिप काढल्या, व्हाइसमध्ये धरून जुने कप दाबून बाहेर काढले. एका कपातल्या सुयांचा तर चुराच झाला होता. मी नवा क्रॉस बसवत होतो तोवर आमच्या पोराने शाफ्टचा पुढचा तुकडा आणि मागची नळी रॉकेलने धुऊन, फडक्याने पुसून स्टँडवर ठेवली होती. "दादा, चकाचक केलाय बघा." वर्षानुवर्षांचं तेलकट चिखलाचं कवच निघून खालचा राखाडी रंग दिसत होता. माझ्या खडूच्या खुणाही त्याच रॉकेलबरोबर गेल्या होत्या. त्याला काय बोलणार? वस्तू पुसून हातात दे, हे त्याला रोज मीच सांगतो.

बऱ्याच शाफ्टवर कंपनीने ठोकलेले बाण असतात. याचे गंजाने खाल्ले होते. मी शाफ्ट उचलला, दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे, डोळ्यांनी एका रेषेत आणले आणि पिटमध्ये उतरून, पाठ असल्यासारखं पटकन सगळं कसून टाकलं.

पुन्हा फेरी. या वेळी काका चालवत होते आणि मी जरा ऐटीत बसलो होतो. पस्तीस झाले, चाळीस झाले आणि आख्खी फरशी थरथरली. काकांनी माझ्याकडे बघितलं. "अरे, ही तर आता चाळीसलाच नाचतेय!" पुढे ऐंशीला जुनी थरथरही जशीच्या तशी हजर होती. एकाची दोन दुखणी करून मी गाडी परत देत होतो.

पहिल्या पाच मिनिटांत सुचलं ते सगळं चुकीचं होतं. नवा क्रॉस खराब निघाला असेल, बोल्ट ढिले राहिले असतील, गिअरबॉक्सचा माउंटिंग गेला असेल. काकांना म्हटलं, चाळीसवर धरून ठेवा, कमी-जास्त करू नका. मग डोळे मिटले आणि हात फरशीवर ठेवला. थरथर ओळखीची होती. सकाळी ऐंशीला जी दातांत भरत होती तिचा जो सूर, तोच हा. वेग मात्र निम्मा.

चाळीसला शाफ्ट सेकंदाला 23 वेळासुद्धा फिरत नाही. तरी धक्के मात्र पंचेचाळीसच्या घरात. म्हणजे ही नवी थरथर शाफ्टच्या एका फेरीत दोनदा येत होती. आणि फेरीला दोनदा म्हटलं की क्रॉस आलाच. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्यात शिरणारं फिरणं एकसारखं असलं तरी पलीकडचं टोक प्रत्येक फेरीत दोनदा किंचित पुढे धावतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. दहा अंशांच्या कोनाला हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस याच्या बरोबर उलट वागून हिशेब चुकता करतो, पण दोन्ही योक एका पातळीत असले तरच. या दातेरी जोडाला सोळा दाते होते. एक दात चुकला की साडेबावीस अंशांचा फरक. डोळ्यांनी मांडलेली माझी रेषा पिटमध्ये घुसवताना एका दाताने सरकली होती.

काकांना तिथेच सांगितलं, "काका, ही चाळीसची थरथर माझी आहे. ऐंशीची तुमची." ते हसले. मला फारसं हसू आलं नाही.

शाफ्ट पुन्हा बाहेर. या वेळी दोन्ही योकच्या कानांवर एकेक सरळ सळई आडवी ठेवली आणि टोकाकडून एक डोळा मिटून दोन्ही एकावर एक येईपर्यंत जोड फिरवला. त्यासाठी शाफ्ट खिडकीच्या उजेडात आणावा लागला. आणि उजेडात, मागच्या टोकापासून वीतभर अलीकडे, राखाडी रंगात एक चौकोन दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा, रंग नसलेला, आणि त्यात वेल्डिंगचे दोन तुटके टिपके.

तिथे बॅलन्सिंगचं वजन होतं. कारखान्यात शाफ्ट फिरवून बघतात आणि हलक्या बाजूला अशी पत्र्याची पट्टी टोचून लावतात. पुढच्या टोकाची पट्टी अजून जागेवर होती. मागची गेली होती, आणि नुकतीच गेली होती. तो चौकोन चांदीसारखा चमकत होता, गंजाचा ठिपकाही नाही. उघडं लोखंड असं चमकत राहतं ते फार तर एक-दोन दिवस. हा चौकोन सकाळी चिखलाखाली होता. ज्या रॉकेलने माझ्या खुणा पुसल्या, त्यानेच तो उघडा केला. मी तोच शाफ्ट हातात धरून एकदा बसवलाही होता, तेव्हा बघितलं नव्हतं.

"काका, काल खालून काही आवाज आला होता?"

"टण् झालं होतं एकदा. दगड उडाला असेल म्हटलं."

वजन उडालं म्हणजे नळीला मार बसलाय का तेही बघायला हवं. पोचा कुठे नव्हता. शाफ्ट बसवून, मागची चाकं उचलून, हाताने फिरवत डायल गेज लावलं. काटा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहिला. नळी सरळ होती.

मग पाण्याच्या पाइपला लावतो ती स्क्रूची क्लिप घेतली, शाफ्टवर चढवली आणि तिच्या स्क्रूचं डोकं बरोबर त्या चमकत्या चौकोनावर आणून आवळलं. हा कायमचा इलाज नाही, पण निदान पक्कं करायला याच्याइतकी स्वस्त युक्ती नाही. फेरी मारली. चाळीसला शांत. ऐंशीला आरशात जरासा धूसरपणा उरला होता. दुसरी क्लिप पहिलीला खेटून लावली, तिचा स्क्रू बोटभर बाजूला ठेवला, तेव्हा तोही गेला.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट बॅलन्सिंगच्या मशीनवर गेला आणि नवी पट्टी वेल्ड होऊन आला. क्लिपा मी काढून डब्यात टाकल्या. जोडावर खूण या वेळी पंचाने केली. पोराने मला काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही.

बिलात क्रॉस लावला, कारण तो खरंच संपला होता. जुना काकांना दाखवला. बॅलन्सिंगही लावलं. शाफ्ट दुसऱ्यांदा काढल्या-घातल्याचे पैसे लावले नाहीत, आणि काकांनी तेही बरोबर ओळखलं. "चाळीसवाले पैसे धरले नाहीस वाटतं," म्हणाले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पाठीमागे इंजिनचा आवाज होता, म्हणून म्हटलं आधी गाडी बाजूला घ्या. "घेतलीये रे, उभीच आहे. एवढंच सांगायचं होतं, की आरशात दोनाचे दोनच दिसतात."